दोन सर्व्हरचा क्लस्टर उभा करताना: आधी फेन्सिंग, मग बाकीचं

हाय अव्हेलेबिलिटी क्लस्टर (एक सर्व्हर पडला तरी काम चालू राहावं म्हणून एकत्र बांधलेले सर्व्हर) लावायचा असं ठरलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, एक सर्व्हर पडला तर दुसरा किती सेकंदात काम उचलेल? मला विचाराल तर हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न असा की पहिला सर्व्हर खरंच मेलाय की नुसता बोलायचा थांबलाय, हे दुसऱ्याला कळणार कसं. नेटवर्कची केबल निघाली, स्विच अडकला, कर्नल जाम झाला, काहीही झालं तरी पलीकडून दिसतं ते एकच, उत्तर येत नाही. आणि तेवढ्यावर विश्वास ठेवून दुसऱ्याने डेटाबेस चालू केला आणि पहिला अजून जिवंत असला, तर दोघं एकाच डेटावर लिहायला लागतात. मग जे होतं ते निस्तरायला बॅकअपशिवाय काही उरत नाही. मी नुकताच असा एक क्लस्टर पहिल्यापासून शेवटपर्यंत उभा केला, त्याचं हे सविस्तर लिहितोय, कारण इन्स्टॉलेशनबद्दल भरपूर लिहिलेलं सापडतं पण फेन्सिंगपाशी, म्हणजे उत्तर न देणाऱ्या सर्व्हरची पॉवर कापून तो नक्की बंद करण्यापाशी, आलं की बरेच जण एक ओळ लिहून पुढे जातात.

सेटअप साधाच होता. दोन एकसारखे सर्व्हर, दोन्हीत आपापल्या लोकल डिस्क, सॅन (दोघांना सामायिक असं वेगळं स्टोरेज) नाही. वर पोस्टग्रेसचा डेटाबेस, त्याला चिकटून एक रिपोर्ट बनवणारं अॅप्लिकेशन, आणि क्लायंटना दिसणारा एकच आयपी. फक्त डेटाबेस असता तर मी पोस्टग्रेसचंच स्ट्रीमिंग रेप्लिकेशन (बदल सतत दुसऱ्या सर्व्हरवर पाठवणं) वापरलं असतं, त्यासाठी पॅट्रोनी वगैरे चांगली साधनं आहेत. पण हे अॅप्लिकेशन जोडलेल्या फायली डिस्कवर ठेवतं आणि त्यांची नोंद डेटाबेसमध्ये करतं, त्यामुळे डेटाबेस एका क्षणाचा आणि फायली दुसऱ्या क्षणाच्या असं झालं तर नोंद आहे पण फाईल नाही अशी अवस्था होणार. म्हणून दोन्ही एकाच डिस्कवर ठेवून ती डिस्कच डीआरबीडीने दुसऱ्या सर्व्हरवर कॉपी होत ठेवायची, आणि चालू-बंद करायचं काम पेसमेकरने आणि दोन्ही सर्व्हरमधलं बोलणं कोरोसिंकने करायचं असं ठरलं.

सुरुवातीचा भाग पटकन होतो. दोन्हीकडे एकच ओएस, एकच व्हर्जन, क्रोनीने वेळ जुळवलेली (लॉग शेजारी ठेवून वाचायची वेळ येते तेव्हा याची किंमत कळते), आणि होस्ट्स फाईलमध्ये दोन्ही नावं खऱ्या आयपीसकट लिहिलेली, डीएनएसच्या भरवशावर नाही. डेबियनच्या घराण्यातल्या ओएसवर एक बघून घ्यायचं, तिथे इन्स्टॉलर मशीनचं स्वतःचं नाव 127.0.1.1 ला बांधून ठेवतो, ती ओळ तशीच राहिली तर कोरोसिंक लूपबॅकवर (मशीनच्या स्वतःपुरत्या पत्त्यावर) जाऊन बसू शकतो आणि दोन्ही नोड, म्हणजे क्लस्टरमधले सर्व्हर, आपण एकटेच आहोत असं समजून बसतात. फायरवॉलमध्ये पीसीएसडीसाठी (क्लस्टर सांभाळायच्या पीसीएस कमांडची सर्व्हिस) टीसीपी 2224 आणि कोरोसिंकसाठी यूडीपी 5405 ते 5412 उघडले. पॅकेजेस टाकली की हाक्लस्टर नावाचा युजर आपोआप तयार होतो, त्याला दोन्हीकडे एकच पासवर्ड दिला, पीसीएसने होस्ट ऑथ केलं, क्लस्टर सेटअप केला, स्टार्ट केला, झालं. स्टेटस बघितलं तर दोन्ही नोड ऑनलाईन.

यात एका गोष्टीवर मात्र वेळ घालवला, ती म्हणजे दोन लिंक. कोरोसिंक 3 पासून खाली क्रोनोसनेट ही नेटवर्कची लायब्ररी आहे आणि त्यात एकाहून जास्त लिंक देता येतात, 8 पर्यंत. आम्ही दोन दिल्या, एक दोन्ही सर्व्हरच्या मधे थेट जोडलेली केबल जिच्यावरून डीआरबीडीसुद्धा चालणार होतं, आणि दुसरी नेहमीच्या नेटवर्कमधून स्विचमार्गे. दोन लिंक एकाच स्विचमधून नेल्या तर त्या कागदावर दोन असतात, स्विच गेला की दोन्ही जातात, त्यामुळे केबल प्रत्यक्ष कुठून कुठे जातेय ते रॅकच्या मागे जाऊन हाताने पकडून बघितलं. टोकनचा टाइमआउट, म्हणजे समोरचा गेला असं मानायच्या आधी कोरोसिंक जेवढी वाट बघतो तो वेळ, 3000 मिलिसेकंद होता, नव्या कोरोसिंकमध्ये डीफॉल्टच तेवढा आहे, तो तसाच ठेवला. फेलओव्हर (काम दुसऱ्या नोडवर जाणं) लवकर व्हावा म्हणून हा आकडा कमी करायचा मोह होतो पण नेटवर्कला एखादा सेकंद उचकी लागली की धडधाकट नोड मारला जाणार, त्यापेक्षा दोन सेकंद उशीर परवडला.

आता फेन्सिंग. पेसमेकरचा नियम असा की स्टोनिथ (फेन्सिंगचंच त्याच्यातलं नाव) कॉन्फिगर केलेलं नसेल तर तो रिसोर्स, म्हणजे त्याच्या ताब्यात दिलेल्या गोष्टी, चालूच करत नाही, आणि हीच ती जागा जिथे बहुतेक ठिकाणी सल्ला दिलेला असतो की स्टोनिथ एनेबल्ड ही प्रॉपर्टी फॉल्स करा आणि पुढे चला. कृपा करून करू नका. शिकायला म्हणून लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन लावल्या असतील तर ठीक, पण ज्यावर कोणाचा तरी खरा डेटा आहे तिथे ही प्रॉपर्टी फॉल्स करणं म्हणजे क्लस्टरला सांगणं की अंदाजाने चाल. आणि नंतर करू म्हटलेलं फेन्सिंग नंतर होत नाही, कारण तोवर सर्व्हर लाईव्ह गेलेला असतो आणि चालत्या सर्व्हरची पॉवर कापून टेस्ट करायची परवानगी कोणी देत नाही. म्हणून आम्ही एकही खरा रिसोर्स बनवायच्या आधी फेन्सिंग पूर्ण केलं, टेस्टसकट.

दोन्ही सर्व्हरमध्ये बीएमसी आहे, म्हणजे मुख्य ओएस मेली तरी वेगळी चालणारी ती छोटी चिप, जिला आयपीएमआय या प्रोटोकॉलवरून सांगितलं की ती पॉवर कापते. प्रत्येक नोडसाठी एक असे दोन स्टोनिथ डिव्हाइस बनवले, एजंट (पॉवर कापायचं काम प्रत्यक्ष करणारी स्क्रिप्ट) फेन्स आयपीएमआयलॅन, लॅनप्लस (आयपीएमआयची नवी आवृत्ती) चालू, आणि प्रत्येक डिव्हाइस कुठल्या नोडला मारतं ते होस्ट लिस्टमध्ये स्पष्ट लिहिलं. पण त्याआधी, क्लस्टरला काही सांगायच्या आधी, एजंट कमांड लाइनवरून हाताने चालवून बघितला. पहिल्या नोडवरून दुसऱ्याच्या बीएमसीला स्टेटस विचारायचं, मग दुसऱ्यावरून पहिल्याला. हे हाताने चालत नसेल तर क्लस्टरमध्ये चालायचा प्रश्नच नाही, आणि क्लस्टरच्या लॉगमधून बीएमसीचा पासवर्ड चुकलाय की आयपीएमआयचा यूडीपी 623 बंद आहे हे शोधत बसण्यापेक्षा इथे ते एका ओळीत कळतं.

हाताने रीबूट दिलं तेव्हा एक गोष्ट दिसली जी स्टेटस बघून कधीच दिसली नसती. मी दुसऱ्या सर्व्हरचा कन्सोल उघडा ठेवला होता. पहिल्यावरून पॉवर ऑफ सोडलं आणि कन्सोलवर सर्व्हिसेस एकेक करून थांबत असल्याच्या ओळी यायला लागल्या, सावकाश, व्यवस्थित शटडाऊन. बघायला छान दिसतं पण फेन्सिंगमध्ये हे नको असतं. बीएमसीने पॉवर बटन दाबल्यासारखा इशारा दिला आणि ओएसने तो ऐकून सभ्यपणे बंद व्हायला घेतलं. जो नोड बिघडलाय म्हणून आपण त्याला मारतोय त्याच्याकडूनच सहकार्याची अपेक्षा ठेवणं बरोबर नाही, तो जाम असेल तर हे शटडाऊन अर्ध्यात लटकणार, आणि तोपर्यंत त्याच्या हातून डिस्कवर काय लिहिलं जाईल याची खात्री नाही. उपाय सोपा आहे, सिस्टमडी लॉगइनडीच्या कॉन्फिगमध्ये हँडल पॉवर की या सेटिंगला इग्नोर ही व्हॅल्यू द्यायची, दोन्ही नोडवर. पुन्हा टेस्ट केली तेव्हा कन्सोल मधल्या ओळीतच काळा झाला. असंच हवं.

मग प्रश्न आला पॉवरचाच. बीएमसीला वीज सर्व्हरच्याच पॉवर सप्लायमधून मिळते. म्हणजे सर्व्हरची वीजच गेली तर बीएमसीही जाते, आणि मेलेल्या बीएमसीकडून मारल्याची कबुली कोण देणार? हे वाचून माहीत असतं, पण टीमला दाखवायचं म्हणून आम्ही मुद्दाम पहिल्या सर्व्हरच्या मागच्या दोन्ही कॉर्ड काढल्या. दुसऱ्या नोडच्या स्टेटसवर पहिल्यापुढे अनक्लीन ऑफलाईन असं आलं आणि तिथेच थांबलं. फेन्सिंग फेल, पुन्हा प्रयत्न, पुन्हा फेल. तेव्हा एक साधी टेस्ट सर्व्हिस लावली होती, ती हलली नाही.

डेटाबेस बघणाऱ्या मॅडम शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, पण दुसरा तर धडधाकट आहे ना, मग तो चालू का करत नाहीये?"

"मॅडम, आपण कॉर्ड काढली हे आपल्याला माहीतेय. त्याला नाही माहीत. त्याला एवढंच दिसतंय की पहिला बोलत नाहीये आणि त्याचा बीएमसीही बोलत नाहीये. नुसती नेटवर्कची बोंब असती तरी त्याला हेच दिसलं असतं."

"म्हणजे शंका असेल तर तो सर्व्हिस बंद ठेवणं पसंत करतो."

"हो. आणि डेटा तुमचाच आहे."

त्यावर त्या जे म्हणाल्या ते मला फार आवडलं, "मग राहू दे बंद, पण रात्री तीन वाजता असं झालं तर आम्हाला उठवायला लागू नये एवढं बघा." हा अगदी रास्त मुद्दा होता. म्हणून फेन्सिंगची दुसरी लेव्हल लावली, रॅकमधले पीडीयू (वीज वाटणारे प्लगबोर्ड) नेटवर्कवरून आउटलेट बंद-चालू करणारे होतेच. पहिली लेव्हल बीएमसी, ती फेल झाली तर दुसरी लेव्हल पीडीयू. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात त्यामुळे दोन्ही आउटलेट एकाच लेव्हलमध्ये द्यायचे, म्हणजे पेसमेकर आधी दोन्ही बंद करतो आणि मगच चालू करतो. हे वेगवेगळ्या लेव्हलमध्ये गेलं तर एक आउटलेट बंद होऊन परत चालू होईल, सर्व्हर दुसऱ्या सप्लायवर मजेत चालू राहील आणि क्लस्टरला वाटेल आपण त्याला मारलं. याहून वाईट काही नाही. पुन्हा कॉर्ड काढल्या, बीएमसीवरचे प्रयत्न संपले, पीडीयूने दोन्ही आउटलेट बंद झाल्याचं सांगितलं, आणि टेस्ट सर्व्हिस दुसऱ्यावर उभी राहिली.

दोन नोडच्या क्लस्टरमध्ये कोरम, म्हणजे निर्णय घ्यायला लागणारं मतांचं बहुमत, हा दुसरा अवघड भाग. बहुमत म्हणजे अर्ध्याहून जास्त, दोनात अर्ध्याहून जास्त म्हणजे दोन, मग एक गेला की उरलेल्याकडे बहुमत नाही. यासाठी कोरोसिंकमध्ये टू नोड नावाचा पर्याय आहे, तो लावला की एकट्या नोडलाही कोरम मिळतो, आणि त्याच्याबरोबर वेट फॉर ऑल आपोआप चालू होतो, म्हणजे नोड नव्याने बूट झाला तर दुसरा एकदा तरी दिसेपर्यंत तो काही सुरू करत नाही. हा दुसरा पर्याय महत्त्वाचा आहे, तो नसेल तर लिंक तुटलेली असताना मारलेला नोड बूट होऊन येतो, समोरचा दिसत नाही म्हणून त्याला मारतो, मग तो बूट होऊन येतो आणि याला मारतो, आणि हे सकाळपर्यंत चालतं.

टू नोडमध्ये अजून एक अडचण उरते, मधल्या लिंक तुटल्या तर दोघांकडेही कोरम असतो आणि दोघं एकाच वेळी एकमेकांना मारायला निघतात, बीएमसी वेगळ्या नेटवर्कवर असल्याने दोघांचेही आदेश पोचतात आणि दोन्ही सर्व्हर बंद. त्यासाठी एका डिव्हाइसला काही सेकंदांचा डिले देतात म्हणजे एकजण ठरवून जिंकतो. आम्ही थोडं पुढे गेलो आणि तिसऱ्या एका लहानशा मशीनवर क्यूनेटडी (तिसरं मत देणारा प्रोग्रॅम) बसवलं, त्याला टीसीपी 5403 उघडा लागतो, आणि दोन्ही नोडवर त्याच्याशी बोलणारं क्यूडिव्हाइस, अल्गोरिदम एफएफस्प्लिट, म्हणजे दोन सारख्या तुकड्यांपैकी नेमक्या एकालाच ते तिसरं मत मिळतं. ज्याला मत नाही त्याला कोरम नाही, आणि कोरम नसलेला नोड दुसऱ्याला मारू शकत नाही. क्यूडिव्हाइस जोडलं की टू नोड पर्याय निघून जातो, तो पीसीएस स्वतःच काढतो. ही तिसरी मशीन दमदार असायची गरज नाही, पण ती या दोघांच्या रॅकमध्ये आणि त्याच पॉवरवर नको, नाहीतर तिचा उपयोग काय. डिलेसुद्धा आम्ही ठेवलाच, तिसऱ्या मशीनच्या मेंटेनन्ससाठी क्यूडिव्हाइस काढून परत टू नोडवर जाऊ तेव्हासाठी.

डीआरबीडीबद्दल थोडक्यात. ते 2.6.33 पासून मूळ लिनक्स कर्नलमध्ये आहे, पण नव्या 9 सिरीजचं मॉड्यूल वेगळं टाकावं लागतं. प्रोटोकॉल सी घेतला, म्हणजे लिहिलेली गोष्ट दोन्हीकडच्या डिस्कवर पोचल्याशिवाय अॅप्लिकेशनला झालं असं उत्तर मिळत नाही. यात प्रत्येक लिहिण्याला नेटवर्कचा हेलपाटा जोडला जातो, त्यामुळे ती थेट केबल 10 गिगाबिटची घेतली. पहिल्या पूर्ण सिंकचा हिशोब आधी करून ठेवावा, 1 गिगाबिटवर सेकंदाला जेमतेम 110 मेगाबाइट जातात, म्हणजे 1 टेराबाइटला अडीच तास. दोन्ही डिस्क कोऱ्या असतील तर हे सिंक टाळताही येतं, मी टाळलं नाही, सुरुवातीलाच एकीकडची प्रत्येक जागा एकदा वाचून आणि दुसरीकडची लिहून होते ते मला बरं वाटतं.

डीआरबीडीलाही फेन्सिंगची पॉलिसी सांगावी लागते आणि हे बरेचदा राहून जातं. आम्ही रिसोर्स अँड स्टोनिथ ठेवली आणि फेन्स पीअर हँडलरला पेसमेकरसाठी डीआरबीडीबरोबरच येणारी स्क्रिप्ट दिली. होतं काय की रेप्लिकेशनची लिंक तुटली तर डीआरबीडी लिहिणं थांबवून ठेवतं, ती स्क्रिप्ट पेसमेकरमध्ये असा नियम टाकते की मागे पडलेला नोड प्रमोट, म्हणजे डेटा लिहिणारा मुख्य, होऊ नये, आणि मगच लिहिणं पुढे चालू होतं. सिंक परत पूर्ण झालं की तो नियम काढला जातो. हे नसेल तर आधी रेप्लिकेशन तुटलं, मग तासाभराने पहिला सर्व्हर मेला, आणि दुसरा तासापूर्वीचा डेटा घेऊन हसतमुखाने उभा राहिला, असं घडू शकतं, आणि तेव्हा फेन्सिंग अगदी बरोबर झालेलं असतं तरी.

रिसोर्सेस बनवणं त्यामानाने सरळ. डीआरबीडीचा प्रमोटेबल क्लोन (दोन्हीकडे चालणारा पण एकीकडेच मुख्य होणारा रिसोर्स), आणि एक ग्रुप, त्यात क्रमाने फाईलसिस्टम, पोस्टग्रेस, रिपोर्टचं अॅप्लिकेशन, शेवटी आयपी. ग्रुप केला की वरून खाली चालू होतं आणि खालून वर बंद होतं, सगळं एकाच नोडवर. ग्रुप डीआरबीडीच्या प्रमोटेड बाजूबरोबर राहील असं कोलोकेशन आणि प्रमोट झाल्यावरच ग्रुप सुरू होईल असं ऑर्डर, दोन्ही द्यायचे, एक दिलं तर दुसरं आपोआप येत नाही. आयपी आधी की शेवटी यावर वाद होतो, माझं मत शेवटी, डेटाबेस तयार असल्याशिवाय क्लायंटला दरवाजा दिसूच नये. तो वर आला की एजंट नेटवर्कवर एआरपीने ओरडून सांगतो की हा आयपी आता माझ्याकडे, त्यामुळे स्विच आणि बाकीच्या मशीन लगेच जुळवून घेतात. आणि पोस्टग्रेस, अॅप्लिकेशन या सर्व्हिसेस सिस्टमडीमध्ये डिसेबल केल्या, ज्या गोष्टीची मालकी क्लस्टरकडे आहे ती बूटच्या वेळी आणखी कोणी चालू करता कामा नये. फाईलसिस्टम तर एफएसटॅबमध्ये (बूटच्या वेळी माउंट करायच्या यादीत) नकोच, साधी फाईलसिस्टम दोन्हीकडे एकदम माउंट होणं म्हणजे दोन माणसांनी डोळे मिटून एकाच वहीच्या एकाच पानावर लिहिणं.

स्टिकिनेस (आहे तिथेच राहायचा ओढा) 100 दिला, नाहीतर पडलेला नोड परत आला की कारण नसताना सगळं तिकडे हलू शकतं, आणि प्रत्येक हलणं म्हणजे क्लायंटसाठी एक छोटं डाऊनटाइम.

मग सुरू झाल्या टेस्ट, आणि खरं शिकणं इथे झालं. पहिली टेस्ट सगळ्यात सौम्य, चालू नोडला स्टँडबायमध्ये टाकायचं आणि सगळं शांतपणे दुसरीकडे जाताना बघायचं. आयपी गेला, अॅप्लिकेशन स्टॉपिंग असं दिसायला लागलं, आणि तिथे अडकलं. दीड मिनिट झालं, आणि एकाएकी पहिल्या नोडचा कन्सोल काळा. स्टँडबाय म्हटलं होतं आणि क्लस्टरने त्याला गोळीच घातली.

लॉग काढून बघितले तर सगळं नियमाप्रमाणेच झालं होतं. रिपोर्टचं अॅप्लिकेशन थांबायला सांगितलं की हातातला रिपोर्ट पूर्ण करूनच थांबतं, आणि त्याच्याबरोबर आलेल्या सिस्टमडीच्या युनिट फाईलमध्ये त्यासाठी स्टॉपचा टाइमआउट 300 सेकंद दिलेला होता. इकडे पेसमेकरमध्ये त्या रिसोर्सच्या स्टॉप ऑपरेशनला 100 सेकंद, सिस्टमडीच्या रिसोर्सना साधारण तेवढेच मिळतात. नेमका तेव्हा एक मोठा रिपोर्ट चालू होता. 100 सेकंद संपले, पेसमेकरच्या दृष्टीने स्टॉप फेल झाला, आणि स्टॉप फेल झाला तर डीफॉल्ट उत्तर एकच, त्या नोडला फेन्स करा. विचार केला की पटतं, कारण जी गोष्ट थांबली याची खात्री नाही ती दुसरीकडे चालू कशी करायची, परत तोच प्रश्न. मी हा आकडा 330 केला, म्हणजे सिस्टमडीचा वेळ संपून त्याने जबरदस्तीने मारल्यावर पेसमेकरचा संपतो. प्रत्येक रिसोर्सचा स्टॉप भर लोडमध्ये किती वेळ घेतो हे मोजा आणि टाइमआउट त्याच्यावर ठेवा, ही एक गोष्ट कोणी मला आधी सांगितली असती तर मी तिला सगळ्यात वर लिहून ठेवलं असतं.

नंतरच्या टेस्ट कठोर होत्या. पोस्टग्रेसची प्रोसेस किल केली, मॉनिटरने पकडलं, त्याच नोडवर परत चालू झालं. सिसआरक्यूने (कर्नलला थेट आदेश द्यायची सोय) कर्नल मुद्दाम क्रॅश केला. केबल काढल्या, एक काढली तर काहीच होता कामा नये आणि झालंही नाही, दोन्ही काढल्या तर एकच जण उरला पाहिजे. केबल काढता येत नसेल तर फायरवॉलने दोन्ही दिशांचं ट्रॅफिक अडवा, पण इंटरफेस डाऊन करून टेस्ट करू नका, पायाखालून इंटरफेसचा पत्ताच काढून घेतला की कोरोसिंकला जे दिसतं ते खऱ्या तुटलेल्या केबलसारखं नसतं आणि निकालावर विसंबता येत नाही. तिसरी मशीन बंद करूनही बघितलं, चालू सर्व्हिसवर काही परिणाम नाही.

मोजायला एक साधी पद्धत वापरली. बाहेरच्या एका मशीनवरून दर सेकंदाला डेटाबेसमध्ये एक ओळ टाकायची, नंबर आणि वेळ, आणि डेटाबेसने कमिट झालं असं सांगितलं तरच तो नंबर इकडच्या फाईलमध्ये लिहायचा. क्रॅशनंतर दोन गोष्टी बघायच्या. एक, वेळेतली दरी किती. दोन, फाईलमध्ये असलेला प्रत्येक नंबर डेटाबेसमध्ये आहे का. कर्नल क्रॅशच्या टेस्टमध्ये दरी 40 सेकंदांच्या आसपास आली. त्यात टोकनचे तीनेक सेकंद, बीएमसीने पॉवर कापून तशी खात्री द्यायला लागलेले दहाएक, मग डीआरबीडी प्रमोट, फाईलसिस्टमचं जर्नल, आणि उरलेला मोठा भाग पोस्टग्रेसची क्रॅश रिकव्हरी आणि अॅप्लिकेशनचं सुरू होणं. मॅनेजमेंटला हा आकडा ऐकून वाटलं की फेन्सिंग काढलं तर दहा सेकंद वाचतील. त्यांना दुसऱ्या तपासणीचा निकाल दाखवला, फाईलमधला एकही नंबर डेटाबेसमध्ये गहाळ नव्हता. ते दहा सेकंद याच्यासाठी आहेत. आणि 99.99 टक्के उपलब्धता म्हटलं तरी वर्षाला साडेबावन्न मिनिटं मिळतात, 40 सेकंदांनी त्यात फार काही बिघडत नाही. वेळ कमी करायचीच असेल तर पोस्टग्रेसचे चेकपॉइंट (साठलेले बदल डिस्कवरच्या डेटात पक्के करायच्या वेळा) जवळ आणा, म्हणजे रिकव्हरी लवकर होते, तिथे हात घालण्यासारखा आहे.

क्लायंटच्या बाजूचंही बोलायला हवं. आयपी तोच राहिला तरी जुनी कनेक्शन तुटतात, चालू ट्रान्झॅक्शन जातात, आणि अॅप्लिकेशनने स्वतःहून परत कनेक्ट करायला हवं. आमच्याकडे एक जुना क्लायंट प्रोग्रॅम तुटलेल्या कनेक्शनवरच उत्तराची वाट बघत बसत होता, कारण पॉवर गेलेला सर्व्हर कनेक्शन बंद झाल्याचा निरोप पाठवू शकत नाही. लिनक्समध्ये टीसीपी कीपअलाइव्ह डीफॉल्टने 7200 सेकंदांनी पहिली चौकशी करतो, म्हणजे दोन तास. पोस्टग्रेसच्या कनेक्शन स्ट्रिंगमध्ये कीपअलाइव्हचे आकडे कमी करून दिले आणि तो मिनिटाच्या आत शुद्धीवर यायला लागला.

लाईव्ह गेल्यापासून दोन गोष्टींवर मी अडून बसलोय. बूटच्या वेळी क्लस्टर आपोआप सुरू होत नाही, मारलेला नोड बूट होऊन तसाच उभा राहतो, माणसाने लॉग बघायचे, डीआरबीडीचं सिंक बघायचं आणि मग क्लस्टर स्टार्ट करायचा. यावर दुसरं मत असू शकतं, पण जो नोड एकदा मारावा लागला तो का मारावा लागला हे न बघता त्याला परत टीममध्ये घेणं मला मान्य नाही. दुसरी गोष्ट, स्टोनिथ डिव्हाइसच्या मॉनिटरवर अलर्ट. बीएमसीचा पासवर्ड पॉलिसीनुसार कोणीतरी बदलतं, क्लस्टरमध्ये बदलायचा राहतो, सर्व्हिस छान चालू असते आणि फेन्सिंग मात्र गेलेलं असतं, ते कळतं ज्या रात्री लागतं त्या रात्री. आणि मॉनिटर फक्त बीएमसीला स्टेटस विचारून बघतो, पॉवर खरंच कापली जाते का ते बघत नाही, म्हणून कर्नल अपडेटच्या वेळी स्टँडबायमधल्या नोडला साधा रीबूट न देता दुसऱ्या नोडवरून पीसीएसने फेन्स करतो. ग्रुप आधीच दुसरीकडे गेलेला असतो, रीबूट तसाही करायचाच असतो, आणि त्या निमित्ताने बीएमसी, पासवर्ड, नेटवर्क आणि पॉवर बटनाचं सेटिंग सगळं एकदम तपासून होतं. पुढच्या अपडेटला बीएमसीचं नेटवर्क मुद्दाम अडवून पीडीयूच्या लेव्हलचीही तशीच टेस्ट घ्यायची आहे, त्यासाठी मॅडमकडून वेळ मागून घेतलीय आणि त्यांनी या वेळी काही न विचारता दिली.